बडेबाबूंचा नऊ टोपल्यांचा अर्ज

माझ्या लग्नाची पत्रिका बडेबाबूंनी मला परत केली होती. लाल शाईत दोन त्रुटी काढून. एक: मुहूर्त अकरा वाजून पाच मिनिटांचा छापला आहे, पण सकाळचा की रात्रीचा याचा बोध होत नाही. दोन: वराच्या वडिलांचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने आलं आहे, नेमके वडील कोणते याचा खुलासा व्हावा. खाली बारीक सही आणि 'दुरुस्तीनंतर फेरसादर'.

मी पेनाने दुरुस्त्या करून पत्रिका फेरसादर केली. मग ते आले. सगळ्यांच्या आधी आले, मांडवात कोणी नव्हतं म्हणून आचाऱ्याजवळ बसून त्याला मिठाचा हिशोब विचारत राहिले, पोटभर जेवले, आणि निघताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मंगलाष्टकं सहाच झाली. आठ पाह्यजेत. पण आता तुले फेरसादर कराले सांगत नाई."

आमच्याकडे कार्यालयातल्या मुख्य लिपिकाला बडेबाबू म्हणतात. हे आमच्या नगर परिषदेचे बडेबाबू. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, चिमूर आणि मोहर्ली दोन्हीकडून सारखंच आडवळणी. नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच नोकरीला आहे. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची मला मिळाली, टेबल मिळालं, लोखंडी कपाटाच्या किल्ल्या मिळाल्या. नाव काही मिळालं नाही. पन्नाशी आली, डोक्यावरचं छप्पर उडालं, तरी गाव मला छोटेबाबूच म्हणतं.

त्यांच्या शर्टाच्या कॉलरखाली टाचण्यांची एक रांग खोचलेली असे. कुठलाही कागद ते शेवटच्या पानापासून वाचत. "पहिल्या पानावर मानूस सांभाळून खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं. "शेवटी शेवटी दमते. तिथी पकडाचं." चहा उभ्याने पीत, कारण खुर्ची कामासाठी दिलेली आहे. आणि कोणी कितीही तावातावाने टेबलावर येऊन आदळलं तरी त्यांचं उत्तर एकच: "राग आला असन तं लिहून द्या." माणूस चरफडत कागद मागून घेई, लिहायला बसे, आणि अर्ध्या पानापर्यंत त्याचा राग निम्मा झालेला असे. उरलेल्या निम्म्यावर बडेबाबू शुद्धलेखनाच्या चुका काढत.

घरीही तेच. काकू मला सांगायच्या, "घरचं मीठ सरलं तं मले दोन डाव सांगा लागते, भाऊ. पहिल्या डावाले हे इचारतेत, कोनतं मीठ?"

तर अशा माणसाने आमच्या नगर परिषदेकडे सगळ्या जन्मात एकच अर्ज केला. तो या गोष्टीचा विषय.

पण अर्जाच्या आधी पाटी.

आमच्या कार्यालयाच्या मागे तलाव आहे आणि तलावाच्या काठाने सार्वजनिक बाग. बाग म्हणजे कोणी लावलेली नव्हे. गाव वाढलं, जंगल मागे सरकलं, तेव्हा मोहाची, ऐनाची, बेहड्याची काही झाडं सरकायची विसरली. त्यांच्याभोवती कुंपण घालून नगर परिषदेने मध्ये एक सिमेंटचं हरीण उभं केलं, झाली बाग. एके काळी तिथे दिवसभर पोट्ट्यांचा गोंधळ असायचा. बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी तिथून एक टेनिसचा चेंडू उडाला, खिडकीतून आत आला आणि थेट बडेबाबूंच्या चहाच्या कपात उतरला. समोर जन्माचं रजिस्टर उघडं होतं. त्या आठवड्यात जन्मलेली तीन बाळं चहात भिजली.

तेव्हाचे मुख्याधिकारी भयंकर तापट. त्यांनी सगळ्यांना उभं केलं. चेंडू कोणी मारला याचा संध्याकाळपर्यंत अहवाल पाहिजे म्हणाले. अहवाल गेला की नाही ते मला तेव्हा कळलं नाही, पण संध्याकाळी पाच वाजता बागेच्या फाटकावर ओली पाटी लागलेली होती. रंगाचे ओघळ अजून खाली येत होते:

'या बागेत चेंडू, विटीदांडू, गोफण व तत्सम वस्तू खेळण्यास, फेकण्यास अगर मारण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.'

मजकूर अर्थातच बडेबाबूंचा. 'तत्सम' या शब्दाचा त्यांना फार अभिमान. "उद्या पोट्टे काहीतरी नवीन काढतीन," ते म्हणत, "म्हनून आधीच बंदोबस्त करून ठेवला."

चौकीदाराला शिट्टी मिळाली. सापडेल ते जप्त व्हायला लागलं. पाच-सात वर्षांत मुलं तिकडे फिरकेनाशी झाली. त्यांच्यानंतरच्या मुलांना तर तिथे कोणी कधी खेळत होतं हेच माहीत नव्हतं. बागेत दोन-चार म्हातारे आणि कुंपणातून आलेल्या शेळ्या. हरणाचं एक शिंग पडलं.

चेंडू कोणी मारला हे त्या दिवशी दप्तराला कळलं नाही. मला माहीत होतं. सांगतो, पण वेळेवर.

निवृत्तीनंतर बडेबाबू पुतण्याकडे मोहर्लीला गेले. पुतण्याने ताडोब्याच्या दाराशी सफारीवाल्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. त्याला वाटलं, काका पाहुण्यांचं रजिस्टर सांभाळतील. काकांनी सांभाळलं. एका पुण्याच्या पाहुण्याने अभिप्रायात 'छान' लिहिलं, तर त्याच्यामागे गाडीपर्यंत गेले: "नेमकं काय छान? जेवन, खोली का वाघ? तिन्हीचे रकाने वेगळे आहेत जी."

तिथेच एक गोरं जोडपं आलं होतं. दोन दिवस फिरून त्यांना वाघाचं शेपूट दिसलं नाही, आणि तरी ते खुशीत. संध्याकाळी अंगणात उभे राहून ते नाश्त्याच्या प्लेटीएवढ्या रंगीत तबकड्या फेकत. सपाट, तिरक्या, वळण घेत जाणाऱ्या. दूरच्या मोहाच्या बुंध्याला तबकडी लागली की टाळी. बडेबाबू खुर्ची टाकून दोन तास पाहत बसले. मग पुतण्याला दुभाषा करून त्यांनी चौकशी मांडली.

"हे काय आहे?"

डिस्क गोल्फ, पुतण्याने विचारून सांगितलं. खऱ्या खेळात साखळ्या लावलेल्या टोपल्या असतात. ठरल्या जागेवरून फेकायचं, पडेल तिथून पुन्हा फेकायचं, कमीत कमी फेकीत टोपली गाठायची. त्यांच्या गावी हे सार्वजनिक बागेतच आहे, कोणीही यावं, खेळावं.

"झाड मधात आलं तं?"

"बाजूनं टाकाचं, म्हन्तेत."

"तोडत नाई?"

"नाई. झाड पाह्यजेतच, म्हन्तेत. झाडाबिगर मजा नाई."

"मंग तक्रार कोनाकडे करतेत?"

पुतण्याने हे विचारलं तेव्हा ते दोघं बराच वेळ हसले. बडेबाबू हसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला आणि नियम लिहून मागितले. जोडप्याने नियम लिहून दिले, वर एक नारिंगी तबकडी भेट दिली. बडेबाबूंनी तबकडीची पोच दिली.

महिन्याभराने, एका सोमवारी, ते माझ्या टेबलासमोर उभे. हातात अर्ज. मी धडपडत उठलो.

"बस. आवक नंबर टाक."

'विषय: सार्वजनिक बागेत तबकडी-गोल्फ या खेळाकरिता नऊ टोपल्या लावण्यास मंजुरी मिळणेबाबत.' चार पानं. बागेतल्या प्रत्येक झाडाचा नकाशा, कोणत्या टोपलीच्या वाटेत कोणतं झाड येतं त्याची नोंद, 'एकही झाड न तोडता' हे तीनदा अधोरेखित. सोबत प्रपत्र 'अ', खेळणाऱ्याने भरायचं: अनुक्रमांक, टोपली क्रमांक, फेकींची संख्या, वाटेत आलेले झाड (जात), शेरा.

मी वाचतच राहिलो. ज्या माणसाने बागेतून चेंडू हद्दपार केला तोच बागेत खेळ मागत होता. का, ते मला कळेना. मी विचारलं, "काऊन जी, बडेबाबू?"

"लिहून दे. उत्तर देतो."

मी खरंच एका चिठ्ठीवर 'काऊन जी?' लिहून दिलं. त्यांनी कॉलरखालची टाचणी काढली, चिठ्ठी डायरीला टोचली आणि म्हणाले, "दिवाळीच्या आत टोपल्या लागल्या पाह्यजेत. तुही काकू आन मी दिवाळी झाली का पोराकडे चाललो, सिरोंच्याले. कायमचे. मले त्या पाहून जायचं आहे."

मुलगा सिरोंच्याला, तेलंगणाच्या सीमेवर, शिक्षक. काकूंचे गुडघे गेलेले. घर भाड्याने द्यायचं ठरलेलं. म्हणजे हातात चार महिने. आमच्या कार्यालयात चार महिन्यांत बागेतल्या हरणाचं शिंग बसत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत!

मी अर्ज डोळे मिटून पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी ते परत आले, रागाने लालबुंद.

"त्रुटी कुठी आहे?"

"कशाची जी?"

"अर्जाची! मी दोन सोडल्या होत्या, मुद्दाम. पान तीनवर टोपली क्रमांक सात दोन वेळा आहे. आन सहीखाली तारीख नाई. तू वाचलाच नाई. बापाचा अर्ज असला तरी शेवटच्या पानापासून वाचाचा, हे मी भिंतीले शिकवलं का?"

मी अर्ज परत मागवला, दोन त्रुटी काढल्या, त्यांना पत्र पाठवलं. पत्र मिळाल्यावर त्यांनी चौकात चार लोकांना दाखवलं म्हणे: पोरगं तयार झालं.

तोवर त्यांनी घरच्या बांबूचा खांब, एक बांबूची टोपली आणि गुरांच्या गळ्यातल्या साखळ्या जोडून एक नमुना टोपली उभी केली होती. अंगणात सराव चाले. काकू ओसरीतून प्रपत्र भरायच्या आणि शेऱ्यात लिहायच्या: 'तुळस वाचली.' एकदा त्यांना राहवलं नाही. ते तबकडी घेऊन बागेत गेले, पहिली फेक टाकली, आणि फुर्र करून शिट्टी वाजली.

चौकीदार धावत आला. पाहतो तर बडेबाबू. तो जीभ चावून उभा राहिला, पण मागे हटला नाही. "बाबूजी, माफ करा. पाटी वाचा. तत्सम वस्तू."

बडेबाबूंनी पाटी वाचली. पूर्ण वाचली. मग तबकडी त्याच्या हातात दिली, म्हणाले, "बरोबर आहे. जप्त करा," आणि घरी जाऊन चौकीदाराला शाबासकी देण्याची शिफारस करणारं पत्र लिहिलं. तेही माझ्याकडे आवक झालं.

आमच्या सध्याच्या मुख्याधिकारी मॅडम साताऱ्याकडच्या. हुशार, हसऱ्या, आणि इथल्या उन्हाला नवीन. अर्ज वाचून त्या म्हणाल्या, "गोल्फ? इथे? आणि तबकडी झुडपात गेली आणि झुडपात वाघ असला तर?"

"मॅडम, तो वेगळा अर्ज आहे जी," बडेबाबू म्हणाले. "वनविभागाकडे."

मॅडम खूप हसल्या. म्हणाल्या, एकदा प्रत्यक्ष दाखवा. बडेबाबूंनी तोंडी परवानगी घ्यायला नकार दिला. 'प्रात्यक्षिकापुरती मनाई शिथिल' असं लेखी घेतलं, तबकडी चौकीदाराकडून सोडवली, अंगणातली नमुना टोपली बागेत आणून रोवली, आणि एका सकाळी बागेत मॅडम, दोन सभासद, अभियंता, मी आणि एकशिंगी हरीण असे प्रेक्षक जमलो.

बडेबाबूंनी धोतराचा काष्टा मारावा तसा पायजमा वर खोचला. डोळे बारीक केले. फेकली. तबकडी छान उठली, मोहाला डावीकडून वळसा घातला, आमच्या तोंडून 'वा' निघेपर्यंत वळतच गेली, आणि तलावात पडली.

तलावात एक डोंगा होता. तलावातली मासेमारी ढीवरांच्या सोसायटीकडे आहे. तिचे मुख्य, ज्यांना गाव भाऊ म्हणतं, त्या डोंग्यात उभे राहून जाळं आवरत होते. चाळिशीच्या आतले, तोंडाने तिखट. त्यांनी तबकडी उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि ओरडले, "बाबूजी, हे काय बिनापायाचं कासव सोडून राह्यले तलावात?"

"फेका इकडे!"

भाऊंनी डोंग्यात पाय रोवले, कमरेतून वळले आणि हाताने जाळं फेकतात तसं मनगट सोडलं. तबकडी पाण्यावरून सपाट आली, दोन मोहांच्या मधून गेली आणि टोपलीच्या साखळ्यांवर जाऊन आदळली. खळ्ळ! गोठ्यात गाईने एकदम मान वर केली की होतो तो आवाज. सगळे टाळ्या वाजवायला लागले. अभियंत्याने प्रपत्र 'अ' मागून घेतलं.

पण भाऊ काठावर आले ते कपाळाला आठ्या घालून. "हे रोज पान्यात पडन तं मासोळी बिचकन ना जी. सोसायटीचा विरोध आहे."

"लिहून द्या," बडेबाबू म्हणाले.

"मले कुठी लिहिता येते तुमच्यासारखं?"

आणि मग मी जे पाहिलं ते पुन्हा कुठे पाहणार नाही. बडेबाबू सिमेंटच्या हरणाच्या पाठीवर कागद ठेवून, स्वतःच्या अर्जाविरुद्ध सोसायटीचा आक्षेप लिहायला बसले. दीड पान. मुद्देसूद. भाऊंना सुचला नव्हता असा एक मुद्दा, माशांच्या विणीच्या हंगामाचा, त्यांनीच विचारून विचारून काढला. वाचून दाखवला. भाऊंनी सही केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बाबूजी पागल तं नाई झाले?"

मी सांगितलं, पहिल्यापासून असेच आहेत.

मॅडमना खेळ आवडला होता. त्या म्हणाल्या, विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घेऊ, सोसायटीलाही बोलावू. "फक्त एक गोष्ट. ती पाटी. आधी मनाईचा जुना आदेश रद्द करावा लागेल. मूळ फाइल काढा."

पुढची सभा दिवाळीच्या दहा दिवस आधी. त्यानंतरची केव्हा, ते देवाला ठाऊक. ही एकच संधी होती.

रेकॉर्ड रूममध्ये आम्ही दोघं गेलो. लाल कापडात बांधलेले बस्ते छतापर्यंत. त्यांनी कपाटांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसरी ओळ, खालून चौथा, असं म्हणत सरळ बस्ता ओढला. गाठ त्यांच्याच हातची होती. फाइल निघाली. दोन कागद. बडेबाबू सवयीप्रमाणे शेवटच्या पानापासून वाचायला लागले आणि थांबले.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मनाईचा आदेश, सुरेख अक्षरात, 'तत्सम' सकट. खाली मुख्याधिकाऱ्यांच्या सहीची जागा. सहीची जागा कोरी. आणि समासात त्या तापट साहेबांच्या हातचे दोन शब्द: 'चर्चा करावी.'

सरकारी कार्यालयात काम न केलेल्यांसाठी सांगतो. साहेबाला एखाद्या कागदावर हो म्हणायचं नसतं आणि नाहीही म्हणायचं नसतं, तेव्हा तो समासात 'चर्चा करावी' लिहितो. मग बाबूने वेळ बघून आत जायचं, चर्चा करायची, सही घ्यायची. ही चर्चा कधी झालीच नाही. संध्याकाळी पाटी लागलेली पाहून साहेब थंड झाले असतील. दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली. आदेश निघालाच नव्हता. बावीस वर्षं आमचा चौकीदार एका सही नसलेल्या कागदावर शिट्टी वाजवत होता.

पहिलं पान अहवालाचं होतं. 'चेंडू अज्ञात मुलांनी मारल्याचे दिसून येते.' मी ते वाचलं आणि खिडकीबाहेर बघायला लागलो.

"सहीच्या आधी पाटी लावली," बडेबाबू स्वतःशीच म्हणाले. "मी लावली."

त्यांचा चेहरा मला पाहवेना. मी कुजबुजलो, "बडेबाबू, कोनाले काय मालूम? फाइल सापडली नाई म्हनून लिहितो. सभेनं 'जुना आदेश रद्द' म्हनाचं, टोपल्या मंजूर, खेळ खलास."

"जो आदेश झालाच नाई तो रद्द कसा करता बे?"

"पण सभेत हे वाचलं तं सगळे तुमच्यावरच घसरतीन. विषय बाजूले राहीन. दिवाळी चालली जाईन."

मॅडमनीही त्यांना तेच समजावलं, अगदी आदराने. म्हणाल्या, काका, कशाला? ते म्हणाले, "मॅडम, मी तीस वरसं लोकायचे कागद परत केले जी. एक हा माहा आहे."

सभेच्या दिवशी अर्जदार म्हणून त्यांना बोलावलं गेलं. इस्त्रीचा शर्ट, कॉलरखाली टाचण्या, हातात एकच कागद. विषय टोपल्यांचा होता. त्यांनी वाचली त्रुटी.

'बागेतील मनाईच्या मसुद्यावर सक्षम अधिकाऱ्याची सही नसताना पाटी लावण्यात आली. सबब मनाई कधीच अस्तित्वात नव्हती. ही त्रुटी निम्नस्वाक्षरीकाराची आहे.'

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग कळलं. मागच्या बाकावरून कोणीतरी शीळ घातली. एक सभासद म्हणाले, "म्हंजे बडेबाबूची बी चूक होते? पेपरात द्या!" दुसऱ्याने विचारलं, "आमच्या बांधकामाचे अर्ज चार-चार डाव परत केले तुमी, आन स्वतः बिनासहीचं गाव चालवलं?" हशा झाला. तो लवकर थांबेना. अध्यक्षांनी विषय तहकूब करायचं बोलायला सुरुवात केली. बडेबाबू उभेच होते. एका सभासदाने जरा मऊ आवाजात विचारलं, "पण एवढी घाई काऊन केली होती, बाबूजी?"

"ते कारण दप्तरी नाई," ते म्हणाले.

तेवढ्यात आक्षेपकाच्या खुर्चीवरून सोसायटीचे भाऊ उठले. "म्हंजे माही बॅट तुमी फुकटच नेली?"

सगळे त्यांच्याकडे वळले.

"आठवीत होतो मी. माह्या मामानं आरमोरीहून आनली होती. एकच दिवस खेळलो, आन चौकीदारानं नेली. मी महिनाभर फाटकावर उभा राहो, बाबूजी. तुमी म्हनले, लिहून दे."

"आन तुमी लिहून देल्लं नाई," बडेबाबू म्हणाले.

"मले लिहिता कुठी येत होतं धड!"

बडेबाबू माझ्याकडे वळले. "छोटे, रेकॉर्ड रूम. दाराच्या मागं, पोतं."

मी गेलो. बारदानाचं एक पोतं होतं. मी इतकी वर्षं त्याला रद्दी समजत होतो. ओढत सभागृहात आणलं. आत चेंडू, विट्या, गोफणी, एक फुटकी लगोरी, आणि प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी: कोणाची, कोणत्या दिवशी जप्त. तळाशी बॅट. भाऊंचं नाव, वडिलांचं नाव, मोहल्ला, 'एक दिवस वापरलेली'.

भाऊंनी ती हातात घेतली. आता ती त्यांना फार लहान होती. त्यांनी ती फिरवून पाहिली, मग खुर्चीशेजारी उभी केली. मग ते म्हणाले, "सोसायटीचा विरोध वापस. पन तबकडी पान्यात पडली तं काढाचा हक्क आमचा. आन एक टोपली डोंग्यातून दिसन अशी लावा."

अभियंत्याने नकाशा उघडला. टोपली क्रमांक सात तलावाकडे सरकली. विषय मंजूर झाला.

टोपल्या दिवाळीच्या तीन दिवस आधी लागल्या. खांब लोखंडी, टोपल्या लोखंडी, साखळ्या मात्र बडेबाबूंनी गुरांच्याच लावायला लावल्या; आवाज ओळखीचा पाहिजे म्हणाले. फाटकावरची पाटी चौकीदाराने स्वतः उतरवली. शिट्टी त्याने ठेवून घेतली, सवय झालीय म्हणाला. पहिल्या संध्याकाळी बागेत एवढी माणसं होती की शेळ्या बाहेर थांबल्या. बडेबाबू खेळले नाहीत. हरणाला टेकून उभे राहिले, दुसऱ्यांची प्रपत्रं शेवटच्या रकान्यापासून तपासत.

ते सिरोंच्याला गेले त्या सकाळी मी कार्यालयात पोचलो तर टेबलावर वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी होतं. उघडलं. टेनिसचा चेंडू. एका बाजूने तपकिरी. चहाचा डाग इतक्या वर्षांत गेला नव्हता. टाचणीला जुनी, पिवळी चिठ्ठी. त्यावर माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. हुद्दा: कनिष्ठ लिपिक (कायम व्हावयाचा आहे).

हो, चेंडू मी मारला होता. जेवणाच्या सुट्टीत, शिपायाच्या बोलिंगवर, उंच. आयुष्यातला माझा एकमेव षटकार. त्या दुपारी खरा अहवाल गेला असता तर मी आज कुठल्या तरी किराणा दुकानात पुड्या बांधत असतो. संध्याकाळच्या आत साहेबाला काहीतरी दाखवायला हवं होतं, म्हणून बडेबाबूंनी जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं, सहीच्या आधी काम केलं.

चिठ्ठीखाली आणखी एक कागद टोचला होता. माझाच. 'काऊन जी?' आणि त्याखाली लाल शाईत: 'सोबतची वस्तू पाहावी.'

मी दार लावून घेतलं. थोड्या वेळाने कागद घेतला आणि वस्तू मिळाल्याची पोच लिहिली: टेनिसचा चेंडू, नग एक, चहाने डागाळलेला, मिळाला. सही केली. तारीख मात्र टाकली नाही. पाकिटात घालून सिरोंच्याच्या पत्त्यावर टाकली.

पंधराव्या दिवशी पोच परत आली. सोबत तिथल्या बागेसाठीच्या नऊ टोपल्यांच्या अर्जाची प्रत, एक मराठीत, एक तेलुगूत. आणि माझ्या पोचेवर, सहीच्या खाली, लाल शाईत: 'तारीख नाही. दुरुस्तीनंतर फेरसादर.'